केमालची लिपी, ब्रह्मदेशाची पाली आणि आपण

आंबेडकरी तरुणांच्या अभ्यासवर्गात भाषेचा विषय निघाला की दोन उदाहरणे हमखास पुढे येतात. एक जण म्हणतो, तुर्कस्तानच्या केमाल पाशाने केले तसे आपण करायला हवे होते. त्याने मुल्लामौलवींची लिपी फेकून दिली, त्यांच्या शब्दांना घरचा रस्ता दाखवला आणि मागासलेले राष्ट्र एका पिढीत नवे केले. दुसरा म्हणतो, आपला आदर्श ब्रह्मदेश. तिथल्या भाषेने पाली पोटात जपली म्हणून तिथे बुद्ध टिकला. आपल्याकडून पाली गेली आणि बुद्धही गेला. दोघांनाही टाळ्या मिळतात. आमचे म्हणणे असे की दोघांनीही ज्या भाषेचे नाव घेतले तिचा इतिहास नीट पाहिलेला नाही. तुर्की आणि बर्मी या दोन भाषा शेजारी ठेवून पाहाव्यात आणि एकच प्रश्न विचारावा : या भाषेच्या दारातून कोण आत आले आणि कोणाला बाहेर ठेवले गेले?

आधी एक गैरसमज दूर करू. बर्मी ही पालीची मुलगी नाही आणि तुर्की ही अरबीची नाही. बर्मी तिबेटी-बर्मी कुळातली. तिबेटी, मणिपुरी आणि नागा भाषा तिच्या नातलग. तुर्कीचे नातलग उझबेक, कझाक, उइगुर, अझरबैजानी. दोघींचा एकमेकींशीही काही संबंध नाही. तरीही मराठी माणसाला दोन्हींची वाक्यरचना परकी वाटत नाही, कारण दोन्हींत क्रियापद शेवटी येते आणि 'घरात', 'घरातून' यांसारखी चिन्हे शब्दाच्या मागे लागतात. तुर्कीत एव म्हणजे घर आणि एवदे म्हणजे घरात. एव्लेरिमिझ्देन या एका लांबलचक शब्दात 'आमच्या घरांतून' एवढा सगळा अर्थ मावतो : एव घर, लेर अनेकवचन, इमिझ आमच्या, देन म्हणजे तून. बर्मीत एइन् म्हणजे घर आणि एइन्-म्हा म्हणजे घरात. पण बर्मी शब्द आखूड, बहुधा एका अवयवाचे, आणि सुरावर चालणारे. 'ला' एका सुरात म्हटले तर 'येणे', तुटक म्हटले तर 'चंद्र', आणि उतरत्या लांब सुरात म्हटले तर 'खेचर'. तुर्कीत सूर नाही, तिथे स्वरांची जुळणी आहे. एवचे अनेकवचन एव्लेर होते, पण कितापचे कितापलार. मूळ शब्दाचा स्वर जसा असेल तसा प्रत्यय आपला स्वर बदलतो.

हे सांगायचे कारण असे की लिपी हा भाषेच्या अंगावरचा कपडा आहे. या दोन भाषांनी कपडे कोणाकडून घेतले आणि कधी बदलले, त्यात सत्तेचा इतिहास दडलेला आहे.

बर्मी लिपी ब्राह्मीच्या वंशातली, म्हणजे अशोकाच्या शिलालेखांच्या लिपीची दूरची नात. आजही तिची मुळाक्षरे क, ख, ग, घ, ङ अशीच सुरू होतात आणि तेहतीस व्यंजने आपल्याच क्रमाने येतात. ताडपत्रावर सरळ रेघ ओढली तर पान फाटते, म्हणून अक्षरे गोल झाली असे सांगतात. बर्मीतला सर्वांत प्रसिद्ध जुना लेख म्हणजे बगानजवळचा म्याझेदी शिलालेख, इ. स. १११३ च्या सुमाराचा. राजा चान्सित्ताचा मुलगा राजकुमार याने तो कोरवला आणि एकच मजकूर चार भाषांत लिहवला : पाली, प्यू, मोन आणि बर्मी. राज्याचा धर्म पालीत होता, पण राज्यातल्या इतर लोकांच्या भाषाही त्याच दगडावर बाजूबाजूला होत्या, हे लक्षात ठेवा. झेदी हा शब्द म्हणजे आपले चेतिय.

या लिपीत ट, ठ, ड, ढ ही अक्षरे आहेत, पण बर्मी माणूस ती त, थ, द, ध सारखीच उच्चारतो. ती फक्त पाली शब्द लिहिण्यासाठी जपलेली आहेत. पालीतला 'स' त्यांच्या तोंडी दातांत जीभ धरून म्हटलेल्या 'थ'सारखा होतो, म्हणून सासनाचे थाथना आणि संघाचे थंघा. 'र' बहुतेक ठिकाणी 'य' झाला आहे. शहराचे नाव लिहितात रन्कुन आणि म्हणतात यांगोन. इंग्रजांनी रंगून केले. लिहिण्यात आठशे वर्षांपूर्वीचा उच्चार गोठला आणि बोलणे पुढे निघून गेले. त्यातून लिहिण्याची बर्मी आणि बोलण्याची बर्मी अशा जवळजवळ दोन भाषा झाल्या, प्रत्ययसुद्धा वेगळे. १९६० च्या दशकात मंडालेच्या लेखकांनी बोलतो तसेच लिहायचे असा पवित्रा घेतला, पण सरकारी कागद आणि पाठ्यपुस्तके जुन्याच वळणाची राहिली. देशाच्या नावातही तोच भेद आहे. म्यन्मा हे ग्रांथिक रूप, बमा हे बोलीतले. १९८९ मध्ये लष्कराने जगासाठी 'बर्मा'चे 'म्यानमार' केले, ते बाकीच्या जमातींना सामावून घेण्यासाठी असे सांगून. प्रत्यक्षात एकाच शब्दाची दोन रूपे आलटून पालटून वापरली.

आता तुर्की. उस्मानी साम्राज्यात तुर्की अरबी लिपीत लिहिली जाई. तुर्कीत आठ स्वर आणि अरबी लिपीत स्वरांसाठी जेमतेम तीन-चार खुणा. ओन म्हणजे दहा आणि ऊन म्हणजे पीठ, दोन्ही अगदी सारखेच लिहिले जात. वर दरबाराच्या भाषेत अरबी-फारसी इतकी भरलेली की अनातोलियाच्या शेतकऱ्याला आपल्याच सुलतानाचे फर्मान कळत नसे. मराठीचीही तुर्कीशी या अरबी-फारसीच्या घरात गाठ पडते. किताब, कलम, हिशेब, जबाब, खबर, दुनिया, हवा, शहर हे शब्द तुर्की माणूस आपल्यासारखेच थोड्या फरकाने बोलतो.

९ ऑगस्ट १९२८ च्या रात्री इस्तंबूलच्या गुल्हाने बागेत केमालने नवी लिपी जाहीर केली. १ नोव्हेंबरला कायदा झाला : २९ अक्षरे, लॅटिन, प्रत्येक स्वराला स्वतंत्र अक्षर. १ डिसेंबरपासून वर्तमानपत्रे आणि नव्या वर्षापासून पुस्तके. जुन्या लिपीत छापणे बंद. जाणकारांनी सुचवलेली अनेक वर्षांची मुदत केमालने काही महिन्यांवर आणली. १९२९ पासून 'राष्ट्रशाळा' काढून प्रौढांना अक्षरे शिकवली. १९२७ च्या जनगणनेत साक्षरता १० टक्क्यांच्या आसपास होती, १९३५ मध्ये ती २० टक्क्यांच्या आसपास गेली. हे छोटे काम नाही आणि आम्ही त्याला कमी लेखत नाही.

पुढचे पाऊल शब्दांचे. १९३२ मध्ये तुर्की भाषा संस्था स्थापन झाली. शिक्षक आणि अधिकारी यांना गावोगाव पाठवून लोकांच्या तोंडचे शब्द गोळा केले गेले. मक्तेबच्या जागी ओकुल (शाळा) आले, मुअल्लिमच्या जागी ओय्रेत्मेन (शिक्षक). इथे थोडे थांबू. आपल्याकडेही भाषाशुद्धी झाली. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आणि विसाव्या शतकात सावरकरांनी तीच वाट चालवली. 'तारीख' जाऊन 'दिनांक' आला. फरक पाहा. तुर्कांनी शब्द शोधायला माणसे खेड्यात धाडली. आपले शुद्धिकार जी भाषा ऐकणेही शूद्रातिशूद्रांना मना होते त्या संस्कृतच्या कोठारात गेले. तारीख महारवाड्यातल्या माणसालाही कळत होती. दिनांक शाळेत जाऊन शिकावा लागला, आणि शाळा कोणासाठी होती हे सांगायला नको.

पण तुर्कांचेही सगळे सरळ नव्हते. खेड्यात शब्द सापडला नाही तिथे समितीने घडवला आणि नवी सरकारी भाषा शेतकऱ्याला पुन्हा परकीच झाली. केमालने ऑक्टोबर १९२७ मध्ये सहा दिवसांत ३६ तास चाललेले भाषण दिले, ते 'नुतुक' नावाने प्रसिद्ध आहे. काही दशकांतच ते नव्या पिढीला समजेना आणि त्याची 'आजच्या तुर्कीत' भाषांतरे काढावी लागली. राष्ट्रपित्याचे भाषण त्याच्याच नातवंडांना भाषांतरातून वाचावे लागते! ज्योफ्री लुईस या इंग्रज अभ्यासकाने १९९९ मध्ये या सुधारणेवर पुस्तक लिहिले आणि तिला अनर्थकारक यश म्हटले. आम्हाला ते वर्णन पटते. लिपी बदलली की आजोबांचा कागद नातवाला मुका होतो. आपल्या बाबतीत विचार करा. सत्यशोधकांचे अंक, 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', जलशांच्या वह्या, सगळे देवनागरीत आहे. लिपी बदलून हा ठेवा कुलुपात घालायचा असेल तर तो ब्राह्मणांचा पराभव कसा होईल?

साक्षरतेचे श्रेय लिपीला देणारे एक गोष्ट विसरतात. बर्मी लिपी तुर्कीच्या जुन्या लिपीसारखीच अवघड, लिहिणे एक आणि बोलणे दुसरे. तरीही ब्रह्मदेश ब्रिटिश भारताचा प्रांत होता तेव्हा (तो १ एप्रिल १९३७ ला वेगळा झाला) जनगणनेत पुरुषांच्या साक्षरतेत तो इतर प्रांतांच्या कितीतरी पुढे असे. याचे कारण एका बर्मी शब्दात आहे : चाउंग. या शब्दाचा अर्थ विहार आणि त्याच शब्दाचा अर्थ शाळा. गावच्या विहारात भिक्खू गावच्या मुलांना पाटीवर अक्षरे गिरवायला लावी, आणि शेतकऱ्याचा मुलगा त्यातून वाचायला शिके. मुलींना हा मार्ग बंद होता, हेही नोंदवू. पण मुद्दा असा की अवघड लिपीसुद्धा, शाळा गावात आणि गावासाठी असेल तर, आडवी येत नाही. केमालच्या यशातही लिपीइतकाच, आमच्या मते लिपीपेक्षा जास्त, वाटा त्या प्रौढशाळांचा आहे.

आता दुसऱ्या गटाकडे वळू, पाली जपली म्हणून भारावणाऱ्यांकडे. बर्मीतले पाली शब्द पाहून आपले मन भरून येते हे खरे. त्यांच्या भाषेत विद्यापीठाला तेक्कथो म्हणतात, म्हणजे आपली तक्कसिला, तक्षशिला. राष्ट्राध्यक्षाला थम्मदा म्हणतात, म्हणजे सम्मत. हा शब्द अग्गञ्ञ सुत्तातल्या महासम्मताचा. जन्माने ब्राह्मण असलेल्या वासेट्ठ आणि भारद्वाज यांना बुद्ध तिथे सांगतात की पहिला राजा देवाने नेमला नाही, लोकांनी निवडला, आणि वर्ण हे कामावरून पडले, ब्रह्म्याच्या मुखापायांतून नाही. निवडलेल्या प्रमुखासाठी हा शब्द एखाद्या देशाने रोजच्या वापरात ठेवावा, ही मोठी गोष्ट आहे. तुर्कीत राष्ट्राध्यक्षाचा शब्द अर्धा अरबी आणि अर्धा तुर्की आहे आणि विद्यापीठाचा फ्रेंचवरून घेतलेला.

पण शब्द उसना घेतला म्हणजे विचार येतोच असे नाही. पालीतल्या कम्माचे बर्मीत 'कान्' झाले आणि त्याचा रोजचा अर्थ झाला नशीब. परीक्षेत नापास झाला, कान् वाईट. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी ज्या समजुतीशी भांडण केले, मागच्या जन्माचे भोग ही ब्राह्मणी कल्पना बुद्धाची नव्हे असे बजावले, तीच समजूत एका बौद्ध देशाच्या बोलण्यात पालीच्या तोंडाने बसली आहे. आणखी एक शब्द पाहा, सांडाला. हा चण्डाल. प्रेते वाहणाऱ्या, थडगी खोदणाऱ्या लोकांना बर्मी समाज या नावाने ओळखे आणि त्यांना दूर ठेवी. तसेच पॅगोडाला वाहिलेले वंशपरंपरागत दास, फयाचुन. त्यांची मुलेही दासच, त्यांच्याशी कोणी सोयरीक करत नसे, त्यांना संघात प्रवेश नसे. जुन्या बर्मी कायद्याच्या प्रसिद्ध ग्रंथाचे नाव मनुग्ये, त्यातला मनु महासम्मत राजाचा शहाणा न्यायाधीश. चातुर्वर्ण्याचा मनु नव्हे, हे मान्य. पण मनूला चीवर नेसवून आत घेतले तरी दास बाहेरच राहिला.

'चुन' म्हणजे दास हा शब्द साध्या बोलण्यातही आहे. सभ्यपणे 'मी' म्हणायचे तर बर्मी पुरुष 'चनॉ' म्हणतो आणि बाई 'चमा'. चनॉचे मूळ चुन-दॉ, म्हणजे राजाचा दास. चमा म्हणजे दासी. आपल्या जुन्या पत्रांत 'दासानुदास' असे, तसेच. बोलणाऱ्याला स्वतःला दास म्हणवून घेतल्याशिवाय सभ्य होता येत नाही, अशी ही भाषा. १९३० च्या दशकात 'दोबामा' चळवळीतल्या तरुणांनी यावर एक फटकारा मारला. बर्मी लोक इंग्रजाला 'थखिन' म्हणत, म्हणजे मालक. या तरुणांनी तो शब्द स्वतःच्या नावामागे लावला : थखिन नू, थखिन आँग सान. दासाने मालकाचा शब्द काढून घेतला. आम्हाला केमालच्या २९ अक्षरांपेक्षा हा एक शब्द जास्त क्रांतिकारक वाटतो.

नावांचा विषय निघालाच आहे तर आडनावांचे बोलू, कारण आपल्याकडे आडनाव विचारणे म्हणजे जात विचारणे. बर्मी लोकांना आडनाव नसते. ऊ नू मधला 'ऊ' म्हणजे काका, 'दॉ' म्हणजे मावशी-आत्या, 'को' म्हणजे दादा. नावावरून बापाचे कूळ कळत नाही. तुर्कीत १९३४ चा आडनाव कायदा आला आणि प्रत्येकाला आडनाव घेणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी एफेंदी, बे, पाशा या पदव्या कायद्याने रद्द केल्या. पदव्या रद्द करणे आम्हाला आवडले असते. पण आडनाव तुर्कीच हवे, आर्मेनियन 'यान' नको, ग्रीक 'पुलोस' नको. लाखो कुर्दांच्या कागदावर सरकारने तुर्की आडनावे चिकटवली.

इथून दोन्ही इतिहास एकाच ठिकाणी येतात. १९२८ मध्ये नवी लिपी आली, त्याच वर्षी इस्तंबूलच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 'नागरिका, तुर्की बोल' ही मोहीम सुरू केली, ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू लोकांच्या विरुद्ध. कुर्दी भाषा त्याआधीच शाळेतून हद्दपार झाली होती. १९८३ च्या २९३२ क्रमांकाच्या कायद्याने तर कुर्दी बोलणे-छापणे जवळपास गुन्हाच ठरवले. तो १९९१ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी लैला झाना या कुर्द खासदाराने संसदेत शपथ घेतल्यावर दोन लोकांच्या बंधुत्वाचे एक वाक्य कुर्दीत म्हटले आणि पुढे दहा वर्षे तुरुंगात काढली. लिपीच्या कायद्याचाही उपयोग झाला. क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरे तुर्कीच्या २९ मध्ये नाहीत, कुर्दीला ती लागतात. नवरोझच्या शुभेच्छांत डब्ल्यू छापला म्हणून खटले झाले, आणि 'शो टीव्ही' नावाची वाहिनी तोच डब्ल्यू दिवसरात्र पडद्यावर दाखवत होती. ही बंदी २०१३ मध्ये उठली. शेतकऱ्याला अक्षर देणारा कायदा शेजाऱ्याचे अक्षर काढून घेण्यासाठी वापरला गेला.

ब्रह्मदेशात लिपी बदलली नाही, पाली सोडली नाही, आणि झाले तेच. १९६१ मध्ये ऊ नू यांनी बौद्ध धर्म राज्यधर्म केला. बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या कचिन लोकांचे बंड त्याच वर्षी पेटले. १९६२ च्या लष्करी सत्तेनंतर सरकारी शाळा म्हणजे बर्मी शाळा हे पक्के झाले. शान, करेन, कचिन, मोन मुलांना पहिल्या दिवसापासून परक्या भाषेत धडे. म्याझेदीच्या दगडावर बर्मीच्या बरोबरीने बसलेली मोन भाषा आता परवानगी मागत उभी राहिली.

बाबासाहेबांनी १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात 'एक राज्य, एक भाषा' मान्य केले, पण त्याच पुस्तकात धोकाही दाखवला : भाषिक राज्यात एक मोठी जात आणि भोवती विखुरलेल्या लहान जाती, आणि लहानांना दाद कुठे? उपाय म्हणून त्यांनी प्रादेशिक भाषा राज्याची अधिकृत भाषा करू नये असे सुचवले. मराठी अस्मितेच्या व्यासपीठांवर हे वाक्य कोणी वाचून दाखवत नाही. 'पाकिस्तान'वरच्या ग्रंथात त्यांनी तुर्कस्तानच्या फुटण्याचा स्वतंत्र अभ्यास केला होता. एका गटाची भाषा आणि धर्म म्हणजेच राष्ट्र असे धरून चालणाऱ्या राज्याचे काय होते, हे त्यांना पुस्तकी माहीत नव्हते.

विनयपिटकात एक गोष्ट आहे. ब्राह्मण कुळातल्या दोन भावांनी, यमेळ आणि तेकुल यांनी, बुद्धाला विनंती केली की भिक्खू आपापल्या बोलीत वचने बिघडवतात, ती छंदसमध्ये घालू द्या. बुद्धाने नकार दिला आणि प्रत्येकाने 'सकाय निरुत्तिया', आपल्या बोलीत, ती शिकावीत असे सांगितले. पुढे अट्ठकथाकाराने 'आपल्या' म्हणजे बुद्धाच्या मागधीत असा अर्थ लावला. बौद्ध परंपरेच्या आतही पवित्र भाषा घडवण्याचा मोह किती लवकर आला, ते दिसते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना त्रिसरण-पंचशील देणारे भदंत चंद्रमणी महास्थविर मूळचे अराकानचे, आजच्या रखाइन प्रांताचे. रखाइन बोलीत जुना 'र' अजून 'र'च आहे, यांगोनसारखा 'य' झालेला नाही. त्याच रखाइनमधून ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्यांना गावे जाळून हाकलले गेले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने ते आधीच परके ठरले होते आणि 'रोहिंग्या' हा शब्दसुद्धा सरकार उच्चारत नाही, 'बंगाली' म्हणते. हे करणाऱ्यांच्या बाजूने काही चीवरधारीही बोलले. रोहिंग्यांची भाषा चितगावीच्या जवळची, भारतीय-आर्य कुळातली. म्हणजे भाषेच्या नात्याने पाहिले तर बर्मीपेक्षा ती पालीला जवळची, आणि मराठीलाही. तिच्यासाठी १९८० च्या दशकात हनीफी नावाची लिपी तयार झाली. २०१८ मध्ये ती युनिकोडमध्ये आली, तेव्हा ती भाषा बोलणारी लाखो माणसे कॉक्स बझारच्या छावण्यांत बांबू-ताडपत्रीच्या झोपड्यांत राहत होती.